बुडालेली तांब्याची खाण

माझ्या सासऱ्यांच्या मालकीची तांब्याची खाण होती. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा बघून मला हसू आलं आहे. आमच्या सोलापूरकडं खाण म्हणजे दगडाची. तांब्याची खाण, आणि तीही कुंभारीच्या अलीकडच्या एका वस्तीवर, ज्वारीच्या रानात, असं म्हटलं की शहाणा माणूस माझ्याकडं संशयानं बघतो आणि हौशी माणूस पुढं सरकून बसतो. हौशी माणसांसाठी हे लिहिते आहे. शहाण्यांनी आपापल्या कामाला लागावं.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या दोन-तीन वर्षं आधी माझं लग्न झालं. माहेर अकलूजचं, नीरेच्या काठचं. स्थळ घेऊन आलेल्या माणसानं सांगितलं, "मुलगा सोलापूरच्या गिरणीत हाय, रान हाय, आनि रानात तांब्याची खान हाय." वडील इतके हरखले की त्यांनी सुपारी कातरता कातरता बोट कापून घेतलं. आईनं मात्र आतून विचारलं, "पानी कुटं हाय?"

"खान असल्यावर पान्याचं काय घेऊन बसलाव!" तो माणूस म्हणाला.

आईचा प्रश्न तिथंच राहिला. पुढं तो माझ्या डोक्यावर येऊन बसला, तोही चुंबळीसकट.

लग्नात आईनं मला तांब्याची कळशी दिली. भांड्यावर नाव घालायचं म्हणजे देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, गाव, सगळं टिंबाटिंबांनी कोरून घ्यायचं ही आपली रीत. आई तांबटाला म्हणाली, "लेकीचं नाव घालू नका. त्ये उद्या मांडवात बदलत्यात. आनि माजं नाव कोन वाचनार हाय?" मग कळशीच्या खांद्यावर दोनच शब्द आले : लेकीस, आईकडून. ते बघून वडील चिडले, कारण त्यांचं नाव राहिलं होतं. आई म्हणाली, "तुमचं नाव पोरीवर हाय की, कळशीवर कशाला?" ती बाई अशी होती. माझ्यात जो काही आगाऊपणा आहे तो तिकडूनच आला आहे. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच ती गेली.

सासरी आले आणि दुसऱ्याच दिवशी खाण बघितली. वस्तीच्या मागं शंभर पावलांवर एक चौकोनी खड्डा, दोन पुरुष खोल, काठावर बोराटीचं काटेरी कुंपण. त्याचा इतिहास असा. सासरे तरुण असताना त्यांनी तिथं विहीर खणायला काढली होती. वरची माती गेली, मुरूम गेला, काळा दगड फोडला आणि खाली मांजऱ्या लागला. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक, धिरड्याला जाळी पडते तसा. त्या भोकांत काय होतं? हिरवंगार! भोकंच्या भोकं हिरव्या रंगानं लिंपलेली आणि काहींच्या आत पांढरे, सुईसारखे लकाकणारे खडे. सासऱ्यांनी तांब्याच्या भांड्यावर चढणारा हिरवा कळक जन्मभर बघितलेला. त्यांनी पहार टाकली आणि जाहीर केलं की ही विहीर नव्हे, ही तांब्याची खाण आहे.

सासूबाईंनी त्याच दिवशी एक हिरवा दगड स्वैपाकघरात आणला आणि त्याला चिंच लावून खसखसून घासला. मग बाहेर येऊन पाच माणसांत सांगितलं, "कळक असता तर चिंचंनं निघाला असता. ह्यो निघना. मग तांबं कसलं?"

सासऱ्यांनी त्यांना त्यासाठी कधीच माफ केलं नाही. चिंचेची आमटी त्या घरात फार कमी व्हायची, त्याचं हे कारण मला नंतर समजलं.

खाण पुढं आणखी हातभर खणली, तांबं काही निघालं नाही, मग काम थांबलं ते थांबलंच. पण खाण म्हणून नाव झालं होतं. लोक सासऱ्यांना "खाणवाले" म्हणायचे. बाजारात त्यांना बसायला घोंगडी टाकायचे. आता त्या खड्ड्यात विहीर खणायची म्हणजे तांबं नव्हतं हे चारचौघांत कबूल करायचं, आणि माझे सासरे एक वेळ उपाशी राहिले असते पण कबूल झाले नसते. त्या खाणीतून वर्षानुवर्षं निघालेलं उत्पन्न एवढंच : हिरवी माती कुटून सासूबाईंच्या रांगोळीला रंग आणि बेंदराला बैलांच्या शिंगांना रंग. आमच्या बैलांची शिंगं मुलखात सगळ्यांत हिरवी होती.

आणि पाणी? ते अर्ध्या कोसावर, दुसऱ्याच्या विहिरीवर. दिवसातनं चार खेपा. विहिरीची मालकीण पायरीवर बसलेली असायची. माझी कळशी दिसली की म्हणायची, "खानवाल्यांच्या सुनंला पानी लागतंय व्हय? तुमी तर तांबं वितळून पीत आसाल की!" बायका फिदीफिदी हसायच्या. मीही हसायची, आणि घरी येऊन भाकऱ्या अशा थापायची की सासूबाई विचारायच्या, "आज कुनाच्या गालावर थापत्येस?"

हे वर्षभर सोसलं. मग एका उन्हाळ्यात उतारावर पाय घसरला आणि कळशी दगडांवर आपटत ओढ्यात गेली. बूड उभं फाटलं. तांबट म्हणाला, हिला आता झाळून डाग बसणार नाही, मोडीत घाला. मी ती मोडीत घातली नाही. उतरंडीच्या मागं ठेवली आणि तिथं बसून पोटभर रडले. आई गेल्यावर तिच्याकडचं एवढंच माझ्याजवळ होतं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी ह्या घरामागं विहीर होणार. सरळ बोटानं झाली तर सरळ, नाहीतर वाकड्या.

सरळ बोट आधी वापरून बघितलं. माझे यजमान गिरणीतून आठवड्यानं घरी यायचे. त्यांच्यामार्फत सोलापूरचा एक शास्त्राचा मास्तर बोलावला. तो सायकलवरून आला, घामानं भिजलेला, खिशात भिंग. खड्ड्यात उतरला, दगड फोडले, भिंगातून बघितले आणि वर येऊन म्हणाला, "आजोबा, हा सगळा मुलूख म्हणजे थंड झालेला अग्निरस आहे. एकावर एक थर. वर येताना त्यात वाफेचे बुडबुडे राहिले, ती ही भोकं. मागनं पाणी झिरपून भोकांत हे खडे धरले आणि ही हिरवी माती. तिचा हिरवा रंग लोखंडाचा, तांब्याचा नव्हे."

"लोकंडाचा गंज तांबडा असतो," सासरे म्हणाले.

"नेहमी नसतो."

"पोरा, तू किती दगड फोडलेस?"

मास्तरानं भिंग खिशात घातलं. सासऱ्यांनी त्याला पोटभर जेवू घातलं, दोन पांढरे खडे कागदात बांधून दिले आणि वेशीपर्यंत पोचवून आले. परत येऊन म्हणाले, "बिचारा! पुस्तकातला दगड येगळा, आनि रानातला येगळा."

झालं. सरळ बोटानं तूप निघालं नाही.

मग मी म्हाताऱ्या वडाराला गाठलं. हाच तो मूळचा खड्डा खणणारा. जन्म विहिरी खणण्यात गेलेला, डोळे अधू झालेले, पण खडकावर पहार आपटून नुसत्या आवाजावरून खाली काय आहे ते सांगायचा. मला तो अक्का म्हणायचा.

"अक्का, मांजऱ्या आजून दोन परस, दोन मानसांच्या उंचीयेवडा हाय," तो म्हणाला. "त्याच्या खाली तांबड्या मातीची पट्टी हाय. पल्याडच्या तिन्ही हिरींत मी ती बघितली. पानी त्या पट्टीवर बसून ऱ्हातंय. मालकानं मला वर काडलं तवा खालनं गार वारा येत हुता. अर्दी हीर ठिवून मराया मला लई जड जाईल बगा."

"मामांनी परत खणायला काढलं तर?"

"कशापायी काडतील? तांबं घावलं तरच."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. त्याला दिसत कमी होतं, पण तेवढं दिसलं.

कळशी त्याच्या खोपटात नेली. त्यानं छिन्नीनं तिचे सात तुकडे केले. आईची अक्षरं होती ते तुकडे मी स्वतः घेतले, अक्षरांची बाजू आत दुमडली आणि वरून घणानं चेपले. कोण उघडून बघतंय! पहिला घाव घालताना मनात म्हटलं, आई, तूच विचारलं होतंस पाणी कुठं आहे म्हणून, आता तूच दाखव. मग ते गोळे आंबट ताकात मीठ घालून भिजवले. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात, ते ज्ञान असं उलट वापरलं. नंतर उकिरड्यात पुरून ठेवले. आठ दिवसांनी काढले तेव्हा असे कळकले होते की मला स्वतःला वाटलं, खाणीतच निघाले.

सासरे सोलापूरच्या बाजाराला गेले त्या दिवशी भर दुपारी मी कासोटा घालून खाणीत उतरले. वडार वर दोर धरून बसला होता. भोकांत एकेक गोळा बसवला, वरून हिरवी माती ओल्या हातानं लिंपली. भिंत सारवायची सवय कामी आली. वर आले तर सासूबाई कुंपणाशी उभ्या. माझे हिरवे हात बघितले, वडाराकडं बघितलं.

"रांगोळीला रंग काडत हुते आत्याबाई," मी म्हटलं.

"व्हय का? बरं झालं," त्या म्हणाल्या. "हात चिंचंनं धू. न्हाईतर मातीनंच धू, चिंचंनं निघायचं न्हाई." आणि निघून गेल्या.

खंडेनवमीला घराघरात अवजारं पूजतात. सासरे दर वर्षी आपली जुनी पहार पूजायचे, मग ती घेऊन खाणीत उतरायचे, खडकाला हळदकुंकू लावायचे आणि मानाचा एक घाव घालायचे. त्या वर्षीही घातला. आम्ही सगळे काठावर, आजूबाजूच्या वस्त्यांवरचे दहा-पंधरा लोक. घावाबरोबर हिरवा पोपडा पडला आणि त्यातून एक गोळा घरंगळला.

सासऱ्यांनी तो उचलला, कोपरीवर पुसला आणि आमच्याकडं पाठ करून उकिडवे बसले. बराच वेळ बसले. वरून लोक विचारत होते, काय घावलं, काय घावलं? वडार माझ्या शेजारी मान वाकडी करून खालचे आवाज ऐकत होता. शेवटी सासरे उठले, गोळा कोपरीच्या खिशात गेला आणि त्यांनी आरोळी ठोकली, "तांबं!"

काय गलका झाला म्हणता! कुणी गुलाल आणला, कुणी नारळ. पाण्याच्या मालकिणीचा नवराही धावत आला. सासऱ्यांनी त्याला गोळा लांबून दाखवला. हातात कुणाच्या दिला नाही. सासूबाईंनी ओवाळलं आणि ओवाळताना माझ्याकडं असं बघितलं की मी पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी, सोनं वाटायच्या दिवशी, वडाराची पोरं, सुना, घण, पाट्या, सगळा लवाजमा आला. काम सुरू झालं. सासरे दिवसभर काठावर. राहिलेले गोळे त्यांनी स्वतः खाली उतरून एकेक करून काढले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आणि मग मला चमत्कारिक गोष्टी दिसायला लागल्या.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "सूनबाई, तुजी ती माहेरची कळशी दिसंना कुटं?"

"मोडीत घातली मामा."

"कुनाकडं?"

"सोलापूरच्या तांबटाकडं."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि भाकरी कुस्करायला लागले. "फुटकं भांडं घरात असू न्हाई."

आठ दिवसांनी त्यांनी सुताराला रहाटाचं लाकूड सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "खानीला रहाट कशाला वं?"

"तांबं वर वडाया," ते म्हणाले.

"आनि मोटंचं चामडं सांगितलंय त्ये?"

"तांबं लई असलं तर रहाट पुरंल का?"

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी घरात चिंचेची आमटी झाली आणि सासऱ्यांनी ती दोनदा मागून घेतली. मला वाटलं, तांबं सापडल्यामुळं माणूस खूश आहे. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

काम मात्र सोपं नव्हतं. मांजऱ्या फुटायला मऊ, पण मधेच काळ्या दगडाची एक जीभ आली. दारू ठासून तीन सुरुंग उडवले तेव्हा ती हलली. दिवाळी गेली. रोज चार खेपा चालूच होत्या, आता मातीच्या घागरीनं. रात्रंदिवस मला एकच धास्ती, आणखी तांबं दिसेना म्हणून मामा काम बंद करतील आणि माझ्याजवळ फोडायला दुसरी कळशी नाही. एका दुपारी त्यांनी वडाराला विचारलेलं मी ऐकलं, "आजून किती?"

वडारानं पहार आपटली, कान दिला. "चार हात."

"चल तर."

चार हात कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तांबडी पट्टी लागली ती एका सकाळी. मी चुलीपुढं होते. खालून वडाराच्या सुनेची किंकाळी आली. पळत गेले. पहारीच्या भोकातून पाणी उसळत होतं, तांबडं, गढूळ, हाताच्या मनगटाएवढं. बायका पाट्या टाकून वर चढत होत्या. वडार मात्र घोटाभर पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी ते तोंडावर मारून घेत होता आणि आपल्या तेलगूत काहीतरी ओरडत होता. दुपारपर्यंत पुरुषभर पाणी चढलं. मी काठावर बसून नुसती बघत राहिले. इतकं सुख मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

लोक जमले. सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांवर. आता हा माणूस काय बोलतो? पाण्याच्या मालकिणीच्या नवऱ्यानं तर उघडच विचारलं, "खानवाले, तांब्याचं काय झालं?"

सासऱ्यांनी पागोटं काढलं, दुःखानं मान हलवली.

"खान बुडाली," ते म्हणाले. "तांबं हाय. सगळ्यांनी डोळ्यांनी बगितलंय. पर आता त्ये पान्याखाली ग्येलं. नशिबात न्हवतं, दुसरं काय? आता त्या पान्याचं करायचं काय? चला, ज्वारीला तरी देऊ या."

लोकांनी हळहळ व्यक्त केली. काहींनी त्यांचं सांत्वन केलं. मी सासूबाईंच्या मागं लपून पोट दाबून हसत होते आणि सासूबाईंची पाठही गदगदत होती. त्या दिवसापासून ती खाण कायमची खरी झाली. आता ती खोटी ठरवायची तर सगळी विहीर उपसायला हवी होती.

पाणी निवळल्यावर विहिरीची पूजा झाली. नवं पाणी घरच्या सुनेनं आधी काढायचं. मी मातीची घागर घेऊन पुढं झाले. सासरे म्हणाले, "थांब." वस्तीतून एक फडक्यात गुंडाळलेलं ओझं आणलं आणि माझ्या हातात दिलं.

नवी कोरी तांब्याची कळशी होती. उन्हात डोळे दिपावेत अशी. मी ती फिरवली. देणाऱ्याचं नाव कुठं आहे ते बघावं म्हणून खांद्यावर बोट फिरवलं. टिंबाटिंबांनी दोनच शब्द होते.

लेकीस, आईकडून.

मी मान वर केली. ते गोळे त्यांनी एकेक करून उकलले होते. घणानं चेपलेली अक्षरं एकापुढं एक लावून जुळवली होती, पहिला गोळा तर त्याच दिवशी, आमच्याकडं पाठ करून बसले होते तेव्हाच. आणि तांबटानं विचारलंच असेल, नाव कुणाचं घालायचं? ज्या माणसानं एका खोट्या नावापायी अख्खा जन्म घरात पाणी येऊ दिलं नव्हतं, त्यानं आपलं खरं नाव त्यावर घातलं नव्हतं.

वडाराकडं बघितलं, तर तो एकदम आभाळाकडं बघायला लागला.

माझे डोळे भरून आले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण चारचौघं उभे होते.

"मामा," मी एवढंच म्हटलं.

"रडतीस काय?" ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आपल्या खानीचं तांबं हाय त्ये. सात गोळं निगालं हुतं, एक बी वाया घालवला न्हाई. जा, आईला सांग पानी कुटं हाय ते."

आईचा तो प्रश्न स्थळ घेऊन आलेल्या माणसानं त्यांना सांगितला असला पाहिजे. तेव्हापासून त्यांनी तो लक्षात ठेवला होता. मी कळशीला दोर बांधला आणि रहाटावरून ती खाली सोडली.